ॲडमिनसाहेबांस, कुत्र्याच्या गोळीबाबत

सन्माननीय ॲडमिनसाहेब यांस,



पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही. प्रसिद्धीची आपल्याला मुळीच हाव नाही, असं तुम्ही स्वतःच ग्रुपवर अधूनमधून, स्वतःच्या फोटोसकट, कळवत असता. शिवाय एकाचं नाव घातलं असतं, तर ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचे कितीतरी ॲडमिन ‘आम्ही काय घोडं मारलंय’ म्हणून रुसले असते. तेव्हा पत्र खुलंच ठेवते. ज्याचं त्याला ते बरोबर पोचेल.

आधी तुमचे गुण. उभी हयात तुम्ही हिशेबतपासनीस म्हणून काढलीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलात दोनशे रुपयांची तफावत निघाली, तेव्हा ‘व्हाउचर दाखवा’ एवढ्या दोन शब्दांवर तुम्ही सेक्रेटरीला घाम फोडला होतात. ‘किरकोळ खर्च’ हे शब्द तुमच्यासमोर उच्चारायची आमच्या इमारतीत कुणाची छाती नाही. असा काटेकोर माणूस निवृत्तीनंतर वैद्यकाकडे वळला, ही कर्करोगाच्या रुग्णांची पूर्वपुण्याईच म्हणायची. सकाळच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार. त्यातून निवडलेल्या गरजूंसाठी वेगळा ग्रुप. त्या ग्रुपवर ‘प्रोटोकॉल’ नावाची पीडीएफ. आणि पीडीएफ वाचून ज्याचा धीर सुटेल त्याला तुमच्या मित्राच्या पेट शॉपमधून घरपोच ‘किट’. सगळं सेवाभावाने. सेवाभाव कुठल्या नंबरवर जीपे करायचा, ते खाली दिलेलं असतंच.

पीडीएफ मी अथपासून इतिपर्यंत वाचली. तिचे नायक आहेत अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे जो टिपेन्स. २०१६ मध्ये त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, तोही स्मॉल सेल जातीचा, अंगभर पसरणारा. एका पशुवैद्याच्या सल्ल्यावरून त्यांनी फेनबेंडाझोल घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कुत्री, मांजरं, गुरं, शेळ्या यांच्या पोटातले जंत पाडायचं औषध. काही महिन्यांनी पेट स्कॅन स्वच्छ आला. तुमच्या पीडीएफमध्ये गोष्ट इथे संपते आणि क्यूआर कोड सुरू होतो. (पेट स्कॅन आणि पेट शॉप यांचा एकमेकांशी संबंध नाही, हेही एकदा ग्रुपवर टाका. काही लोकांचा गैरसमज झालेला दिसतो.)

गोष्टीतलं एक पान तुमच्याकडून गळलं. हेच टिपेन्स त्याच काळात ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या जगप्रसिद्ध कर्करोग रुग्णालयातल्या औषध-चाचणीत दाखल होते आणि त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी मिळत होती. तीच ती, जिच्या एकेका डोससाठी आपल्याकडे माणसं घर गहाण टाकतात. चाचणीत असल्याचं त्यांनी स्वतःही लपवलेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे आपण समजू शकतो. पण फांदीला आधीपासून करवत लागली होती, एवढं तरी हिशेबतपासनिसाच्या नजरेला दिसायला हवं होतं.

प्रोटोकॉलमध्ये गोळीच्या जोडीला हळदीतलं कर्क्युमिन आहे, ई जीवनसत्त्व आहे आणि सीबीडी तेल आहे. हे गांजाच्या झाडातून काढतात, याची कल्पना नसल्यामुळे ग्रुपवरच्या एका आजींनी ‘सीबीडीचं तेल बेलापूरला नक्की कुठल्या सेक्टरमध्ये मिळतं’ असं विचारलं होतं. त्यांना तुम्ही गंभीरपणे ‘पर्सनलवर कळवतो’ म्हणालात. काय कळवलंत, याची मला अजून उत्सुकता आहे.

आता आमच्या घरच्या व्हाउचरकडे येऊ. आमच्या वन्संना स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेले, तोंड आलं, तरी बाई हसतमुख. मधल्याच एका सायकलच्या आधी रक्त तपासलं, तर यकृताचं एसजीपीटी जिथे चाळिशीच्या आसपास असायचं तिथे तीन आकडी. डॉक्टरांनी हेपॅटायटिस तपासलं, सोनोग्राफी केली, यकृतात काही पसरलंय का म्हणून आम्हाला रात्रभर जागवलं. ‘काढा? होमिओपॅथी? आयुर्वेदिक काही?’ या प्रत्येक प्रश्नाला वन्संनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतंच ते. कुत्र्याची गोळी यातल्या कुठल्याच पॅथीत बसत नाही.

मला ती त्यांच्या पर्समध्ये सापडली, विमाकार्डाच्या मागे. रुपेरी पाकीट, त्यावर जनावराच्या डोक्याचं छोटंसं चित्र, आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘नॉट फॉर ह्यूमन यूज’, माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी. हे चित्र आणि हे वाक्य कंपनीने हौसेने छापलेलं नसतं. पशुऔषधांवर ते छापलंच पाहिजे, असा आपल्या देशातला नियम आहे. पाकिटाच्या एका कोपऱ्यावर वन्संनी बॉलपेनने वार लिहून ठेवले होते: सोम, मंगळ, बुध. इतकी शिस्त त्यांनी रक्तदाबाच्या गोळीलाही कधी दाखवली नव्हती. मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, “काकांनी सांगितलंय, डॉक्टरांना बोलू नका, त्यांना ते आवडत नाही.” काका म्हणजे तुम्हीच.

तेव्हा केमोची ती सायकल पुढे गेली. आकडे खाली आले, गाडी पुन्हा रुळावर आली. यकृत केमोने चिडलं होतं की तुमच्या गोळीने, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी पोटात होतं. तुम्हाला संशयाचा फायदा मिळाला, अभिनंदन. जपानमधल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींच्या डॉक्टरांना मात्र एवढा संशय उरला नाही. फुफ्फुसाचा कर्करोग, इम्युनोथेरपी चालू, आणि समाजमाध्यमांवर वाचून आजींनी आपल्या मनाने महिनाभर फेनबेंडाझोल घेतलेलं. यकृत बिघडलं, गोळी बंद केल्यावर सावरलं, गाठ काही लहान झाली नाही. २०२१ मध्ये हे रीतसर वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुमच्या ग्रुपवर मात्र नेटवर्क नसावं.

गोळीत काहीच दम नाही, असं मी म्हणतेय असा समज करून घेऊ नका. इथे मला तुमच्यापेक्षा जास्त उत्साह आहे. फेनबेंडाझोल हे बेन्झिमिडाझोल घराण्यातलं. त्याची सख्खी चुलत भावंडं आपल्या घराघरांत आहेत: राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना चघळायला देतात ती अल्बेंडाझोल, आणि आपल्या लहानपणीची मेबेंडाझोल. ही औषधं जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. त्या प्रथिनाच्या नळ्या तयार झाल्या नाहीत की जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. माणसाची पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणारे धागेही ट्युब्युलिनचेच. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात. तेव्हा हा धागा तोडला तर? प्रश्न शंभर नंबरी आहे. इतका, की तो तुमच्याआधी साठ-सत्तर वर्षं विचारून झालाय.

उत्तर तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत आहे. सदाफुली. तिचा काढा मधुमेहावर चालतो, असं जमैकात लोक मानायचे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो तपासला. साखर काही उतरेना, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी धाडकन खाली आल्या. त्या अपयशातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधं निघाली. ल्युकेमियाच्या मुलांना व्हिनक्रिस्टिन आजही देतात आणि ते ट्युब्युलिनवरच घाव घालतं. ते अचूक मापाने शिरेतून द्यावं लागतं, कारण चुकलं तर जीव घेतं. म्हणून कुठलाच कर्करोगतज्ज्ञ रुग्णाला सदाफुलीची पानं चघळायला सांगत नाही. तुमची पुढची पीडीएफ येईपर्यंत तरी.

तुमच्या गोळीची अडचण आणखी वेगळी. तिने आतड्यात राहावं, रक्तात फारसं उतरू नये, यासाठीच तर ती चांगली. जंत आतड्यात असतात. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींवर ती ओतली की पेशी मरतात, हे खरं. बशीत पुष्कळ गोष्टींनी पेशी मरतात. उंदरांचं म्हणाल, तर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये एक गंमत झाली. प्रयोगशाळेतल्या उंदरांना कृमी होऊ नयेत म्हणून खाद्यातच फेनबेंडाझोल घालतात. तशा खाद्यावरच्या उंदरांत कर्करोगाची गाठ रुजवली, तर ती वाढेचना. मग खोलात गेल्यावर दिसलं, जादा जीवनसत्त्वं आणि फेनबेंडाझोल दोन्ही एकत्र असेल तरच हा परिणाम दिसतो, नुसत्या गोळीने नाही. हे २००८ चं. पुढे २०१३ मध्ये येल विद्यापीठात दुसऱ्या जातीच्या गाठीवर करून पाहिलं, तर औषध देऊनही गाठी आपल्या वाढायच्या तशा वाढल्या. पीडीएफच्या सहाव्या पानावरचा उंदीर पहिल्या गोष्टीतला दिसतो. दुसऱ्यातले उंदीर तुमच्या हिशेबात कुठल्या शीर्षाखाली टाकले आहेत?

उंदरांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्या खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र उभं आहे. त्याचं मूळ परळला, १९५२ च्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. डॉ. वसंत खानोलकर तिथले पहिले संचालक. तिथेच पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची इमारत वाशीत आहे, तुमच्या पेट शॉपपासून रिक्षाने जाण्यासारखी. त्या बाईंनी जन्मात पाहिलेले उंदीर तुमच्या सगळ्या फॉरवर्डपेक्षा संख्येने जास्त भरतील. पण एखादा टुणटुणीत उंदीर पिंजऱ्यात घालून, त्या रुग्णांच्या दारोदार किट विकत फिरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

आता तुमचा हुकमाचा एक्का. ‘स्वस्त औषधात कंपन्यांना नफा नाही, म्हणून ते दाबून ठेवतात. जंताच्या गोळीची चाचणी कुणी घेणारच नाही.’ वाक्य इतकं पल्लेदार आहे की मलाही पहिल्यांदा पटलं होतं.

ॲडमिनसाहेब, जंताच्या गोळीची चाचणी टाटानेच घेतली. लांब कुठे नाही, इथे मुंबईतच. मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा एकदा उलटला की हातात फारसं काही उरत नाही. त्या रुग्णांसाठी टाटाच्या डॉक्टरांनी मेबेंडाझोल बाहेर काढलं. पहिल्या टप्प्यातल्या अभ्यासाला नाव काय दिलं, तर ‘रिव्हर्स स्विंग-एम’. जुन्या चेंडूनेच विकेट निघते, हे ज्याला कळतं त्यालाच असलं नाव सुचतं. किती गोळ्या झेपतात ते आधी पाहिलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि मग ८८ रुग्णांवर दुसरा टप्पा. नेहमीच्या केमोला मेबेंडाझोलची जोड द्यायची आणि नऊ महिन्यांनी निदान ५५ टक्के रुग्ण हयात असतील तरच पुढे जायचं, असं सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं. निकाल आला: टेमोझोलोमाइडच्या जोडीने ३६.६ टक्के, लोमस्टिनच्या जोडीने ४५ टक्के. रेषा ओलांडता आली नाही. २०२२ मध्ये त्यांनी तसं छापून टाकलं. चेंडू वळला नाही, एवढंच. गावभर फटाके वाजवले नाहीत आणि निकाल गादीखालीही सारला नाही. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? दाबून ठेवणं?

हवं तर एक जुनं उदाहरण देते. ते तुमच्या फारच कामाचं आहे आणि तुम्हाला ते अजून सापडलेलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. लेव्हामिसोल. मेंढ्यांच्या जंतांवरचं औषध. मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर ते फ्लुओरोयुरासिल या केमोच्या औषधाच्या जोडीने वापरून पाहिलं. या चाचणीत १,२९६ रुग्ण होते. ज्यांच्या लसीका ग्रंथींपर्यंत रोग पोचला होता, त्यांच्यात तो उलटण्याचा धोका ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी घटलं. निकाल १९९० मध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यताही दिली. जनावरांची जंताची गोळी, कर्करोगाच्या रुग्णांना, सरकारी शिक्क्यानिशी! आणि मग ती बनवणाऱ्या कंपनीने काय करावं? मेंढीला जी गोळी वर्षाकाठी चौदा डॉलरला पडे, तीच माणसाला हजाराच्या वर लावली. १९९२ मध्ये खुद्द मोर्टेल यांनी भर परिषदेत कंपनीचे वाभाडे काढले. तेव्हा कंपन्या लोभी असतात, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे, अगदी पुराव्यानिशी. फक्त लोभाने गोळी दाबली नाही, भाव चढवून विकली. तुम्हाला तर हे कळायला हवं.

दुसरा अंकही ऐका. पुढच्या चाचण्यांत दिसलं की फ्लुओरोयुरासिलला ल्युकोव्होरिनची जोड दिली की लेव्हामिसोलची गरजच उरत नाही. वर तिच्यामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरायच्या. २००० मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. ज्या चाचण्यांनी तिला डोक्यावर घेतलं, त्याच चाचण्यांनी खाली उतरवलं. नंतर ती कोकेनमधली भेसळ म्हणून पोलिसांना सापडायला लागली. निवृत्तीनंतर नवा उद्योग शोधणारे तुम्ही एकटेच नाही.

स्वस्त औषधांबद्दल इतकी कळकळ असेल, तर खरं तर तुम्ही टाटाचे जाहिरातदार व्हायला हवं होतं. दात काढताना हिरडीत टोचतात ते लिडोकेन. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीच्या भोवती टोचायचं. खर्च शंभर रुपयांच्या आत. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांमध्ये हे करून पाहिलं. अर्ध्यांना टोचलं, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. निबंध २०२३ मध्ये आला. काम सुरू झालं होतं २०११ मध्ये. डोक्या-मानेच्या कर्करोगात संधिवाताची सेलेकॉक्सिब आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, या दोन जुन्यापुराण्या औषधांनी सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनपेक्षा जास्त आयुष्य दिलं, हेही परळचंच काम. ४२२ रुग्ण, मध्यम आयुर्मान ६.१ महिन्यांऐवजी ७.५. दीड महिना तुम्हाला किरकोळ वाटेल. कुणाच्या तरी मुलीचं लग्न त्या दीड महिन्यात बसतं.

या निबंधांतला कुठलाच फॉरवर्ड तुमच्याकडून आला नाही. मी समजू शकते. त्यात किट नाही.

मोठमोठ्यांचाही तोल जातो, हे कबूल. गोव्यात मे २०२१ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविड होऊ नये म्हणून आयव्हरमेक्टिन वाटायचं जाहीर केलं होतं. आयव्हरमेक्टिन म्हणजे ज्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते, जंतांवरचं, अस्सल गुणी औषध. नोबेल जंतांसाठी मिळालं होतं, एवढा तपशील घाईत राहिला. आणि आपल्या खारघरचंच सांगायचं, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं यांच्या शंभर रुपयांच्या गोळीच्या बातम्या झळकल्या, ‘कॅन्सर परत येऊ न देणारी गोळी’ म्हणून. रोग उलटण्याबाबतचा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा होता, आणि ‘माणसांवरचे आकडे कुठे आहेत’ हे देशातल्या कर्करोगतज्ज्ञांनी तोंडावर विचारलं. एवढ्या थोर संस्थेलाही. बरं वाटलं मला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कर्करोग कडुनिंब, हळद आणि पथ्याने गेल्याचं सांगितलं, तेव्हा टाटाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी सही करून लोकांना विनवलं: असल्या गोष्टींपायी उपचार लांबवू नका. २०२५ च्या जानेवारीत मेल गिब्सन या हॉलिवूडच्या नटाने तीन मित्र जंतांच्या औषधांनी चौथ्या स्टेजमधून बरे झाल्याचं एका पॉडकास्टवर सांगितलं आणि तासाभरात ते तुमच्या ग्रुपवर मराठीत हजर. तिथे २६२ सह्या कमी पडल्या, इथे एक नट पुरला.

एक फॉरवर्ड मात्र कधीच आला नाही. दक्षिण कोरियातले विनोदी कलाकार किम चोल-मिन. फुफ्फुसाचा कर्करोग, चौथी स्टेज. २०१९ मध्ये टिपेन्सची गोष्ट पाहून त्यांनी फेनबेंडाझोल सुरू केलं आणि ते जाहीरपणे सांगितलं. लाखो लोक पाहत होते. ‘बरं वाटतंय’ म्हणाले तेव्हा तिथल्या दुकानांतून कुत्र्यांची औषधं गायब झाली. सरकारने हात जोडले, घेऊ नका. २०२० मध्ये त्यांनी तितक्याच जाहीरपणे सांगितलं की उपयोग झाला नाही, रोग पसरला, मी थांबवतोय, दुसऱ्या कुणालाही घ्या म्हणून सांगणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले. पहिला भाग तुमच्या पीडीएफमध्ये ‘कोरियातही चमत्कार’ या मथळ्याखाली आहे.

एका गोष्टीसाठी मात्र तुम्हाला हात जोडते, आणि यात खोच नाही. तुम्ही लोकांना वेळ देता. ओपीडीत सकाळी सातपासून फाइल घेऊन बसलेल्या माणसाच्या वाट्याला डॉक्टरांची चार मिनिटं येतात, त्यातली दोन कॉम्प्युटरला जातात. ‘डॉक्टर, मी जगेन ना?’ हा प्रश्न जिभेवर येईपर्यंत पुढचं नाव पुकारलं जातं. तुम्ही रात्री साडेदहाला फोन उचलता. वन्सं म्हणाल्या, “ते ऐकून तरी घेतात गं.” हे ऐकून मला राग आला, तो फक्त तुमचा नाही. पण मग नुसतं ऐकायचं होतंत, साहेब. सोबत जायचं होतंत, फाइल धरायची होती, सोसायटीतल्या पोरांना रक्तदानाला न्यायचं होतंत. त्या फोनच्या शेवटी जीपेचा नंबर कशाला?

कायद्याचंही कानावर घालते. तुम्हाला कलमांची आवड आहे. औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा. कुठल्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करायची नाही, त्या यादीत कर्करोग आहे. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘ही जाहिरात नाही, माहिती आहे’ ही पीडीएफच्या तळाशी टाकलेली ओळ न्यायालयात किती टिकेल, ते तुमच्या वकिलाला विचारा. त्यांनाही किट दिलंत, असं ऐकलं.

तेव्हा मागणी साधी आहे. पुढच्या वार्षिक सभेत आम्हाला ताळेबंद हवा. किती जणांना किट दिलं. त्यांच्यापैकी किती जण सोबत केमो, रेडिएशन, इम्युनोथेरपी घेत होते. किती जणांनी तुमच्या भरवशावर ते सोडलं. आज किती हयात आहेत. ‘स्कॅन क्लियर’ म्हणून ज्यांचे अंगठे तुम्ही ग्रुपवर मिरवता, त्यांचे स्कॅन सहा महिन्यांनी काय म्हणाले. आणि ‘लेफ्ट’ असं ज्यांच्या नावापुढे दिसतं, ते स्वतःहून ग्रुपमधून बाहेर पडले, की तेराव्यानंतर घरच्यांनी नंबर बंद केला? टाटावाल्यांना ८८ जणांचा हिशेब देता आला, तोही हरलेल्या डावाचा. तुमच्याकडे तर टँकरच्या एकेका खेपेची पावती असते.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली,
ब विंगमधली एक सभासद

ता. क. : वन्संच्या किटमधल्या उरलेल्या गोळ्या माझ्याकडे आहेत. टाकून कशाला द्यायच्या, म्हणून तळमजल्यावरच्या लॅब्रेडॉरसाठी देऊ केल्या. त्याची मालकीण घाईघाईने हात मागे घेत म्हणाली, “नको गं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी त्याला काही देत नाही.”